मी थेंबांवरच करणार

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. एकोणीस वर्षं डोळ्यांच्या हॉस्पिटलात समुपदेशकाच्या टेबलावर काढली, त्या माणसाचे विचार कुठेतरी नोंदलेले असावेत. दुसरं कोणी नोंदवणार नाही. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, नोंदवा, पण जेवणाच्या टेबलावर पसारा नको.

संध्याकाळी ६.३०
शिसारी आली आज. अकरा पेशंट, अकराच्या अकरा भित्रे. एक बाई ओला रुमाल पिळत बसली, पाणी माझ्या फायलींवर. एका मिशीवाल्याने केळं खाऊन साल माझ्या ड्रॉवरमध्ये टाकलं. ड्रॉवरमध्ये! वर विचारतो, दुखेल का हो.

काम साधं आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी एक फॉर्म भरायचा. ‘भुलीबाबत रुग्णाची पसंती’. तीन चौकोन. थेंब: डोळ्यात बधिर करणारे थेंब टाकतात, माणूस टक्क जागा. इंजेक्शन: डोळ्याच्या शेजारी. गुंगी: शिरेतून औषध, माणूस अर्धवट झोपेत. आता पसंती रुग्णाची असं वर छापलंय खरं, पण रुग्णाला काय कळतं? मी तीन वाक्यं बोलतो. काही दुखत नाही. आत काही दिसत नाही, सगळा अंधार. दहा मिनिटांत बाहेर. आणि पहिल्या चौकोनात खूण मीच करून टाकतो. गुंगी म्हटली की भूलवाले डॉक्टर लागतात, ते फक्त मंगळवारी येतात, यादी रखडते. भित्र्यांचे लाड कोण करणार?

माझे शंभरातले सत्त्याण्णव पेशंट थेंबांवर होतात. साहेबांच्या केबिनमधल्या फळ्यावर हा आकडा लिहिलेला आहे. आकड्यापुढे माझं नाव नाही. असो.

४ मार्च, मंगळवार. दुपारी ४
घाणेरडा दिवस. एक पोहण्याचा मास्तर. छाती ही एवढी. त्याने थेंब सांगितलेले. फॉर्मवर माझी खूण गुंगीच्या चौकोनात. गुंगी म्हणजे उपाशी ठेवतात, म्हणून त्याला सकाळपासून दोन वाजेपर्यंत पाण्याचा घोट नाही. भुकेने पिसाळला. माझ्या टेबलासमोर उभा राहून असा बोंबलला की त्याची थुंकी माझ्या चष्म्यावर. किळस! दोनदा साबणाने धुतला चष्मा.

फॉर्मची छपाईच फिकट येतेय हल्ली. शाईत पाणी घालतात. ट्यूबलाइटही मेल्या आहेत. साहेबांना स्पष्ट सांगितलं. साहेब म्हणाले, ट्यूब परवाच बदलल्या.

६ मार्च, गुरुवार. दुपारी १२.४०
साहेबांनी माझेच डोळे तपासायला लावले. सगळ्या स्टाफसमोर मी यंत्रावर हनुवटी टेकवून. त्या हनुवटीच्या पट्टीवर आजवर हजार लोकांची लाळ सांडली असेल. पुसतात म्हणे.

मॅडमनी तपासलं. ही आमची सर्जन, शिकाऊ म्हणून आली तेव्हा मीच तिला कँटीन दाखवलं होतं. म्हणते, काका, उजवा चांगलाच पिकलाय, डाव्यातही सुरुवात आहे. पिकलाय! आंबा आहे का मी?

साहेबांचा निकाल: ऑपरेशन होईपर्यंत टेबलावर बसायचं नाही, रेकॉर्ड रूममध्ये बसायचं. एकतीस तारखेपर्यंत डोळा झाला नाही तर टेबल रिसेप्शनवालीकडे जाईल. कायमचं.

रिसेप्शनवाली! जी गुंगीचं इंग्रजी ‘सेडेशन’ लिहिताना जीभ बाहेर काढते.

७ मार्च, शुक्रवार. सकाळी ७
ठरलं. सोमवारी नाव नोंदवणार. थेंबांवर. मला कसली भीती? मी स्वतः हजारो लोकांना आत पाठवलंय.

१० मार्च, सोमवार. संध्याकाळी ५.४५
नाव नोंदवलं नाही. ऑपरेशनची यादी मोठ्या सिस्टर ठेवतात, आज त्या फार कामात होत्या. आपल्यामुळे कोणाची धावपळ नको.

रेकॉर्ड रूम म्हणजे उकिरडा. झुरळांचे पंख. एकाच्या फायलीत वाळलेलं सँडविच सापडलं. फायलींवरचं अक्षर वाचता येत नाही, एवढं वाईट लिहितात लोक.

१२ मार्च, बुधवार. सकाळी ६.५०
सराव सुरू. ऑपरेशनच्या वेळी तोंडावर कापड टाकतात, फक्त डोळा उघडा, आणि हलायचं नाही. म्हणून पलंगावर आडवा पडलो, तोंडावर टॉवेल घेतला, बायकोला घड्याळ लावून बसवलं. लक्ष्य पंधरा मिनिटं.

एक मिनिट चाळीस सेकंद. टॉवेलला वास येत होता. बायको म्हणाली, टॉवेल आत्ता कपाटातून काढलाय. मग साबणाचा वास असेल. साबण बदलायला सांगितला.

नंतर थेंबांचा सराव. तिने नुसतं पाणी टाकलं. माझा हात आपोआप वर गेला आणि बशी फुटली. ही तिची चूक, बशी तिथे ठेवायची काय गरज होती.

तिला म्हटलं, तुझा डोळा झाला तेव्हा तू तरी कुठे पंधरा मिनिटं पडली होतीस. ती म्हणाली, माझे दोन्ही झालेत हो. दुसऱ्या डोळ्याच्या दिवशी घरी येताना तुम्ही मला बाजारात सोडून मेहुण्याकडे पत्ते खेळायला गेला होतात. बायकांना नको त्या गोष्टी लक्षात राहतात.

१४ मार्च, शुक्रवार. दुपारी ३
खूप विचार केला. आपल्याच हॉस्पिटलात करून घेणं बरं दिसत नाही. ओळखीच्या लोकांवर दडपण येतं, मॅडमचा हात थरथरेल. त्यांच्यासाठी म्हणून मी बाहेर करणार. शहराच्या त्या टोकाला एक हॉस्पिटल आहे, तिथे मला कोणी ओळखत नाही. उद्या शनिवार. बायकोला सांगितलं, मित्राकडे जातो.

१५ मार्च, शनिवार. संध्याकाळी ६
गेलो. नाव खरं सांगितलं, पण व्यवसाय निवृत्त मुख्याध्यापक. वेटिंग रूममध्ये खुर्च्यांना चिकटपणा, कोपऱ्यात एक माणूस बोट नाकात घालून निवांत. माझ्याकडे बघून हसला. आपल्यातलाच समजला की काय.

समुपदेशक म्हणजे एक पोरगी, पंचविशीची. बोलते मऊ मऊ. मला म्हणते, आजोबा, घाबरू नका. आजोबा! आधी तुम्हाला आत काय काय दिसेल ते सांगते म्हणाली. मी म्हटलं, ती बडबड राहू द्या, मुद्द्यावर या. पूर्ण भूल मिळेल का? ती म्हणाली, पूर्ण भूल बहुधा लहान मुलांना देतात. मी म्हटलं, माझं हृदय लहानपणापासून नाजूक आहे. तिने नाडी बघितली, म्हणाली छान आहे. मग मी सांगितलं, गुंगी द्या, इंजेक्शनही द्या, थेंबही टाका, आणि हात धरायला कोणीतरी ठेवा. बाई असल्यास बरं, पुरुषांचे तळवे घामट असतात.

एकूण बेचाळीस प्रश्न विचारले. हे भीतीपोटी नव्हे. धंद्यातला माणूस चौकशी करतोच.

फॉर्म स्वतः भरला. मोठ्या ठसठशीत अक्षरात.

१७ मार्च, सोमवार. सकाळी ११.१५
सत्यानाश.

त्या फॉर्मवर फोन नंबराच्या जागी मी आपल्याच समुपदेशन टेबलाचा नंबर लिहिला. एकोणीस वर्षं हाताला तोच नंबर लिहायची सवय! आज सकाळी त्या पोरीचा फोन आला. उचलला मोठ्या सिस्टरांनी. फोन स्पीकरवर. समोर रिसेप्शनवाली, वॉर्डातली आया, आणि सात पेशंट. पोरगी माझं पूर्ण नाव घेऊन म्हणाली, तुमच्याकडचे ते मुख्याध्यापक आजोबा, त्यांना पूर्ण भूल हवी होती, ती देता येणार नाही, पण गुंगी देऊ, आणि हात धरायला बाईच मिळेल, काळजी करू नका म्हणावं.

आया हसत हसत भिंतीला टेकली.

दुपारी १
साहेबांनी बोलावलं. मी खुलासा केला: ही गुप्त पाहणी होती. प्रतिस्पर्धी हॉस्पिटल पेशंटची पसंती कशी विचारतं, ते बघायला गेलो होतो, स्वतःच्या खर्चाने. साहेबांनी कॅलेंडर पुढे ओढलं. मग म्हणाले, उत्तम. आता आपल्याकडे करून घ्या. गुरुवार, सत्तावीस तारीख. आपला समुपदेशक स्वतः थेंबांवर करतोय हे बघून पेशंटना धीर येईल.

मी म्हटलं, हेच माझ्याही मनात होतं.

१८ मार्च, मंगळवार. दुपारी २
मोठ्या सिस्टरांनी माझा फॉर्म मुद्दाम वेटिंग हॉलमध्ये आणून दिला. सगळे बघताहेत. एका आजीने तर जवळ येऊन मान वाकवली. मी पेन काढलं आणि पहिल्या चौकोनात ही मोठी खूण. खाली ‘हात धरण्यासाठी कोणी हवे का?’ असा रकाना. त्यात लिहिलं: नाही. दोनदा अधोरेखित.

आजी म्हणाली, किती धीराचे हो तुम्ही. पेन खिशात घालताना शर्टावर शाईची रेघ उठली. हल्ली पेनंही गळकी येतात.

२४ मार्च, सोमवार. सकाळी ८
ताप आहे. नक्की आहे. बायकोने थर्मामीटर लावला. सत्त्याण्णव पूर्णांक आठ. पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा तेवढाच. थर्मामीटर जुना झालाय.

२६ मार्च, बुधवार. दुपारी ४.३०
भूलवाल्या डॉक्टरांना फोन केला. सहज. म्हटलं, उद्या गुरुवारी तुमची सहज एखादी चक्कर आमच्याकडे होणार आहे का. ते म्हणाले, गुरुवारी मी दुसरीकडे असतो, का, कोणी पेशंट घाबरलाय का? मी म्हटलं, हो, आहे एक जण, पण फालतू माणूस आहे, त्याचं काही मनावर घेऊ नका.

ते म्हणाले, असं म्हणू नका, घाबरणं काही गुन्हा नाही. लोकांना उपदेश करायची हौस फार.

बायकोला म्हटलं, उद्या समजा मला काही झालं. ती म्हणाली, काय होणार? दहा मिनिटांत बाहेर, तुम्हीच सांगता ना सगळ्यांना.

२७ मार्च, गुरुवार. सकाळी ७.३०
थेंबांवर असलं की उपाशी राहावं लागत नाही. म्हणून दाबून नाश्ता. दोन अंडी, चार स्लाइस, दूध, वर केळं. बायको बघत बसली. म्हणाली, बळीच्या बकऱ्यासारखं काय खाताय. असलं बोलणं सकाळी सकाळी!

ठीक आहे. निघतो. मन शांत आहे. बूट दोनदा उलटे घातले.

२८ मार्च, शुक्रवार. सकाळी १०
डाव्या डोळ्याने लिहितोय. उजव्यावर प्लास्टिकची ढाल आहे. जे झालं ते लिहून ठेवणं भाग आहे, नाहीतर आया आपल्या पद्धतीने सांगत सुटेल.

काल तयारीच्या खोलीत हिरवा झगा दिला. कोणाकोणाच्या अंगावरून आलेला देव जाणे. पाठीमागून उघडा. प्लास्टिकची टोपी, आत कुणाचातरी केस. शेजारच्या खाटेवर एक पेशंट ढेकर देत होता. मोठ्या सिस्टर थेंब टाकायला आल्या. मी हळूच म्हटलं, सिस्टर, शिरेतून थोडंसं काही देता येईल का, नुसतं नावापुरतं. त्यांनी विचारलं, खाल्लं कधी? मी सांगितलं. त्यांनी अंडी किती ते विचारलं. म्हणाल्या, काका, भरल्या पोटी गुंगी देत नाहीत, आणि भूलवालेही आज नाहीत. हे तुम्ही मला शिकवलंय.

आत नेलं. थंडगार. तोंडावर कापड. मी स्वतःला माझी तीन वाक्यं म्हणून दाखवत होतो. काही दुखत नाही. खरं होतं, दुखलं नाही, एवढं नमूद करून ठेवतो. आत काही दिसत नाही, सगळा अंधार.

अंधार नव्हता.

आधी डोळे दिपवणारे तीन दिवे. मग त्यांचे तुकडे झाले. मग गुलाबी. मग निळं, असं निळं मी जन्मात पाहिलेलं नाही. मग एक काळी सावली आडवी सरकली, पुन्हा आली, आणि नंतर सगळं एकदम वितळल्यासारखं वाहायला लागलं. मला वाटलं, गेला. डोळा फुटला आणि ही लोकं मला सांगत नाहीयेत. मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. आया म्हणते, आईला हाक मारली.

मॅडमनी हात थांबवला. शांतपणे म्हणाल्या, काका, काय होतंय? मी सांगितलं, रंग दिसताहेत, काहीतरी हलतंय, फुटलाय का? त्या म्हणाल्या, सगळं नीट चाललंय, हे असंच दिसतं, थेंबांवर बहुतेक सगळ्यांना काही ना काही दिसतं. मग म्हणाल्या, तुम्ही सांगता ना पेशंटना आधी?

मी म्हटलं, चालू द्या. कापडाखाली माझा हात कोणीतरी धरला होता, तो मी सोडला नाही. अकरा मिनिटं लागली. बाहेर आल्यावर मोठ्या सिस्टरांच्या बोटावर त्यांच्याच अंगठीचा लाल वळ उठलेला दिसला. मला म्हणाल्या, जा आता, चहा प्या.

३१ मार्च, सोमवार. दुपारी १२
ढाल निघाली. दिसतंय. नको तेवढं दिसतंय. रेकॉर्ड रूमच्या खिडकीवर माश्यांची घाण, माझ्या शर्टाच्या कॉलरवर मळाची रेघ. ह्याच शर्टात मी लोकांना स्वच्छतेवर बोलत होतो.

साहेब म्हणाले, सात तारखेपासून टेबल तुमचं. मॅडम म्हणाल्या, दोन डोळ्यांत आता फार फरक पडेल, महिन्याभरात डावाही करून टाका. मी म्हटलं, अर्थात.

२ एप्रिल, बुधवार. दुपारी ३.२०
रिकामा होतो म्हणून एक गठ्ठा सोडला. पेशंट घरी जाताना अभिप्राय लिहितात, ते कागद. त्यावर मीच शिक्का मारायचो, ‘किरकोळ’, आणि इकडे पाठवायचो. वाचायला वेळ कुणाला होता.

आज वाचले. एकाने लिहिलंय: डॉक्टर चांगले, पण मधेच रंग दिसले, वाटलं काहीतरी बिघडलं. एका बाईने: अंधार असतो असं सांगितलं होतं, उजेड दिसला तेव्हा मी देवाचं नाव घेतलं. एकाने फक्त एवढंच: वाटलं डोळा गेला, विचारायची लाज वाटली. खाली माझा शिक्का. आणखी एकावर शिक्का. आणखी एकावर.

कोणाचं काही अडलं नाही, सगळ्यांना दिसायला लागलं, सगळे बरे होऊन गेले. तेव्हा ह्यात माझा काही दोष नाही.

संध्याकाळी ५
असे घाबरलेले त्रेचाळीस निघाले. त्या एका गठ्ठ्यात. गठ्ठे बावीस आहेत.

मी त्या लोकांना भित्रे म्हणत होतो. ते तोंडातून ब्र न काढता पडून राहिले होते, आणि आईला हाक मी मारली. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती. घरी येऊन हात धुतले. बायकोला विचारलं, तुला आत काय दिसलं होतं? ती म्हणाली, निळं. दोन्ही वेळेला. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, तुम्ही अंधार म्हणाला होतात. म्हटलं आपलंच काहीतरी चुकतंय.

७ एप्रिल, सोमवार. संध्याकाळी ६
टेबलावर परत. सहा पेशंट.

पहिली एक शिवणकाम करणारी बाई. तिने विचारलं, आत काही दिसतं का हो. मी तोंड उघडलं. एकोणीस वर्षांचं वाक्य, झोपेतसुद्धा म्हणता येतं. आलंच नाही. ऑपरेशननंतर घालतात त्या थेंबांमुळे घसा कोरडा पडतो, त्याचा परिणाम असणार. त्याऐवजी भलतंच बोललो. म्हटलं, दिवे दिसतील, रंग दिसतील, काहीतरी हलेल, मग वितळल्यासारखं होईल. ते तसंच असतं. काही बिघडलेलं नसतं. वाटलं तर बोला, डॉक्टर थांबतात. तिने विचारलं, तुम्हाला भीती वाटली? मी म्हटलं, छे. ती म्हणाली, खरंच? मग सांगितलं, बोंबललो.

ती हसली. तिसरा चौकोन काय आहे तेही नीट विचारून घेतलं. मग मी पेन तिच्या हातात दिलं. तिने थेंबांवर खूण केली. मी काही म्हटलं नव्हतं.

प्रत्येकाला पंचवीस मिनिटं लागली. बाहेर खोळंबा. एकाने पुन्हा केळं आणलं होतं, साल त्याने स्वतःच्या पिशवीत ठेवलं. साहेब दोनदा डोकावून गेले, मला वाटलं आता टेबल गेलंच. संध्याकाळी त्यांनी फॉर्म मोजले. पाच थेंब. एक इंजेक्शन, त्या गृहस्थांची मान कापते. गुंगी एकही नाही. साहेबांनी फळ्यावरचा आकडा पुसला आणि म्हणाले, असंच चालू द्या.

मग माझ्या डाव्या डोळ्याचा फॉर्म मी स्वतः भरला. कोणी बघत नाही असं पाहून. मोठ्या सिस्टरांकडे दिला. त्यांनी वाचला, मंगळवारची यादी काढली आणि लिहिलं. पुढच्या मंगळवारच्या गुंगीच्या यादीत एकच नाव आहे. भूलवाले डॉक्टर माझ्या एकट्यासाठी येणार आहेत.